नटावरची लाल रेघ

आमच्या घरात लोणच्याच्या काचेच्या बरणीवर बाहेरून खडूची रेघ असे. लोणचं जिथवर असेल तिथं रेघ, आणि आईनं फोडी काढल्या की तिच्या खाली नवी रेघ. या रेघा अण्णा ओढत. कुणी लोणचं चोरून खाल्लं असतं तर त्यांना वाईट वाटलं नसतं, कारण त्यांचा हात सढळ होता आणि दारात आलेला माणूस जेवल्याशिवाय परत जात नसे. त्यांना फक्त कळायला हवं असे. दुधाच्या पातेल्यात ते करंगळी बुडवून पाहत, टपालाची पाकिटं उजेडात धरून कुणी आधी उघडलीत का ते बघत, आणि कपाटाच्या दोन दारांमध्ये एक केस चिकटवून कोर्टात जात. संध्याकाळी आले की चपला काढायच्या आधी तो केस पाहत. केस जागेवर असला तरी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं नाही. कुणीतरी नवा केस लावला असेल, अशी शंका तेवढ्यात येऊन गेलेली असायची.

अण्णा हिंगोलीच्या कोर्टात वकील होते. हिंगोली तेव्हा तालुक्याचंच गाव होतं, वेगळा जिल्हा बराच नंतर झाला. फौजदारी कामं ते करत, आणि आठवड्यातून दोनदा कळमनुरीच्या कोर्टात जात. आयुष्यभर खोट्या साक्षी ऐकून त्यांचा कान असा झाला होता की खरं बोलणाऱ्याच्या आवाजातही त्यांना काहीतरी खटकायचं. जेवताना ते आईला विचारत, "आज येसराची आमटी काहून केली?" आई म्हणे, "केली." "वरण उरलं होतं ना?" "उरलं होतं." "मग?" "संपलं." आई एका शब्दात उत्तर द्यायची. सगळं आयुष्य साक्षीदाराच्या पिंजऱ्यात काढल्यासारखी ती बोलायची, पण तव्यावरची भाकरी मात्र तिची कधी करपली नाही. मी त्यांची एकुलती एक मुलगी, शैला. तेव्हा एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात सायन्स शिकत होते, आणि खरं सांगायचं तर मी अण्णांवरच गेले होते. मैत्रिणीनं वही परत केली की मी पानं मोजायचे. आजही भाजीवाल्याकडून आले की मी घरच्या काट्यावर भाजी पुन्हा तोलते. माझी सून हसते, आणि मी तिला हसू देते.

आमच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती. तिला घरात सगळे हिरवी म्हणत. अण्णा ज्या ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली तयार झाले, त्यांनी ती निजामाच्या अमदानीनंतर हैदराबादहून आणली होती, आणि ते गेल्यावर त्यांच्या मुलांनी ती अण्णांना दिली. गोल नाकाची, जाड पत्र्याची, गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. आतल्या सीटना जुन्या चामड्याचा आणि पावसात भिजलेल्या घोंगडीचा वास यायचा. स्टिअरिंगच्या समोर पिवळट पडलेलं एक गोल मीटर होतं, त्यावर किलोमीटर नव्हते, मैल होते. अण्णांनी ठरवून दिलं होतं की काटा तीसच्या वर जाता कामा नये. ते मागच्या सीटवर कधी बसले नाहीत. पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी बसत आणि रस्त्याकडे न बघता काट्याकडे बघत.

हिरवी चालवायचे धनसिंगकाका. पुसेगावजवळच्या तांड्यावरचे. पन्नाशीचा माणूस, मिशा पांढऱ्या, तरुणपणी ट्रक चालवलेले. सकाळच्या पहिल्या जीपनं यायचे, आमच्या ओसरीवर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायचे, आणि मग बॉनेट उघडून गाडीच्या तोंडात डोकं घालायचे. त्या गाडीचे सुटे भाग कुठंच मिळत नसत. ट्रकचं हे, ट्रॅक्टरचं ते, असं जमवून काकांनी ती चालती ठेवली होती. इंजिनाचा आवाज बदलला की ते मान तिरकी करून ऐकत, दाराबाहेर कुणीतरी हाक मारली की आपण ऐकतो तसं. मला गाडी त्यांनीच शिकवली. रेल्वे स्टेशनच्या मागच्या मैदानात, लहान रुळांवरून जाणाऱ्या गाडीच्या शिट्ट्यांमध्ये, ते शेजारी बसून म्हणायचे, "क्लच हळू सोडायचा, ताई. झोपलेल्या लेकराच्या मानेखालून हात काढतो ना, तसा." मी क्लच तसा सोडला आणि हिरवी धक्का न देता पुढं सरकली, तेव्हा त्यांनी समोर बघतच मान डोलावली. मला लायसन्स मिळालं त्या दिवशी त्यांनी तांड्यावरून खव्याचे पेढे आणले होते.

त्या वर्षी एका खटल्यातला एक कागद हरवला. अण्णांनी घर डोक्यावर घेतलं, मला विचारलं, आईला विचारलं, कारकुनाला विचारलं, धनसिंगकाकांना तीनदा विचारलं. चौथ्या दिवशी तो कागद अण्णांच्याच जाड कायद्याच्या पुस्तकात सापडला. पण मनात आलेलं मागं फिरेना. त्यांनी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून एक लोखंडी पेटी करून घेतली आणि गाडीत पुढं, मीटरच्या खालच्या बाजूला बसवायला सांगितली. कागद तिथं कुलपात राहणार, आणि कुलपाची किल्ली अण्णांच्या जानव्याला. वेल्डिंगवाला पेटी बसवत होता तेव्हा मी ओसरीवर गवार निवडत होते. धनसिंगकाका म्हणाले, "साहेब, तिथं नका बसवू. मीटरमागं जागा न्हाई. डिकीत बसवू की." अण्णांनी वेल्डिंगवाल्यासाठी मीटरखाली टॉर्च धरला. पेटी मीटरखालीच बसली. संध्याकाळी जेवताना मात्र ते मला म्हणाले, "त्याला पेटी डिकीत काहून पाहिजे होती, सांग. डिकीची किल्ली त्याच्याकडं असते." मला ते पटलं. पटलं, एवढंच नाही, हे माझ्या आधी का लक्षात आलं नाही, असंही वाटलं.

दिवाळीच्या आधी कधीतरी हिरवीचा काटा थरथरू लागला. आधी थोडा, कळे न कळे असा. मग कळमनुरीच्या रस्त्यावर तो वीसवरून पन्नासवर उडी मारायला लागला, पन्नासवरून दहावर यायचा, आणि त्या वेळी मीटरच्या फळीच्या मागून टक टक असा बारीक आवाज यायचा. अण्णा विचारत, "किती वेगानं चाललाय?" "तीस असंल, साहेब." "काटा पन्नास दाखवून राहिला." "काट्याला काहीतरी झालंय, साहेब. खाली हात घालून बघू का एकदा?" "हात घालायचं काम न्हाई," अण्णा म्हणत. "जसं आहे तसं राहू दे." एकदा अण्णा कोर्टातून बाहेर आले तेव्हा काका फळीला कान लावून बसलेले त्यांना दिसले. "काय करून राहिलास?" "आवाज ऐकून राहिलो, साहेब." हे उत्तर अण्णांनी घरी येऊन आम्हाला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या ओठांवर जे हसू होतं ते मी कोर्टात एकदा पाहिलं होतं. साक्षीदार अडकला की ते तसं हसत.

मग मैल कमी भरायला लागले. कळमनुरीला जाऊन आलं की मीटरवर नेहमी तेवीस मैल वाढायचे. आता कधी एकोणीस वाढत, कधी सोळा. अण्णांनी खाली वाकून टॉर्च मारून पाहिलं. मीटरच्या पाठीमागून एक तार निघते, ती गाडीखाली गिअरबॉक्सपर्यंत जाते, चाकं फिरली की ती फिरते आणि काटा चढतो. त्या तारेचा नट मीटरच्या पाठीला हातानं आवळलेला असतो. तो नट थोडा सैल होता आणि त्यावर पक्कडीचे ताजे ओरखडे होते. अण्णांनी असाच एक खटला पूर्वी चालवला होता. त्यातला ट्रकचा ड्रायव्हर हा नट काढून ठेवायचा, मालकाच्या नकळत आपल्या फेऱ्या मारायचा, आणि परत आला की नट लावून टाकायचा, म्हणजे मीटरवर काहीच दिसत नसे. "रविवारी गाडी धुवायला कयाधू नदीवर नेतो," अण्णा म्हणाले. "धुवायला अडीच तास लागतात? घाईघाईत नट नीट आवळत न्हाई, म्हणून तार घसरते आणि मैल कमी पडतात. तांड्यावरच्या लग्नांत हिरवी नवरदेवाला घेऊन फिरत असणार." आई ताक घुसळत होती. ती थांबली नाही. "तुम्ही बघितलं?" तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, "बघायचंच आहे."

पुरावा मी दिला. हे लिहिताना आजही माझी लेखणी अडखळते, पण हे प्रकरण मी त्यासाठीच लिहायला घेतलं आहे. मामेबहिणीच्या लग्नात घेतलेली नेलपॉलिशची एक लाल बाटली माझ्याकडे होती. शनिवारी संध्याकाळी मी गाडीत शिरले, नट घट्ट आवळला, आणि नटावरून मीटरच्या पत्र्यावर जाईल अशी एक बारीक लाल रेघ ओढली. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटणार. वाळेपर्यंत मी फुंकर घालत बसले. मला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं. अण्णांना हे सुचलं नव्हतं. रविवारी काका गाडी धुवायला नदीवर घेऊन गेले आणि अडीच तासांनी परत आणली. ते जीपनं गावी गेल्यावर मी टॉर्च घेऊन वाकले. रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा पत्र्यावरच्या तुकड्यापासून चांगला गव्हाच्या दाण्याएवढा सरकला होता. मी धावत आत गेले आणि अण्णांना सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असा हात ते वर्षातून एकदा, निकालाच्या दिवशी ठेवत.

सोमवारी सकाळी धनसिंगकाका ओसरीवर आले तेव्हा अण्णा काळा कोट घालून खुर्चीत बसले होते. त्यांनी भाकरी आणू दिली नाही. "मीटरच्या नटाला हात लावलास?" "न्हाई, साहेब." "काल गाडी कुठं नेली?" "नदीवर. धुतली, वाळवली, खालून चिखल काढला." "नटावर खूण होती. ती तुटली कशी?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मी माझ्या चपलांकडे बघत होते. मग ते म्हणाले, "ते मला ठाव न्हाई, साहेब." अण्णा म्हणाले, "मला आहे." काकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेले, आणि तिथून वळून म्हणाले, "पहिला गिअर जरा दाबून धरून टाकावा लागतो. जो कोणी चालवंल त्याला सांगा." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं भाकरी आणि चटणी फडक्यात बांधली होती. ती घेऊन ती त्यांच्या मागं फाटकापर्यंत गेली, आणि परत आली तेव्हा तिचा हात रिकामा होता.

आता हिरवी मी चालवायची असं ठरलं. हिंगोलीत तेव्हा मोटार चालवणारी मुलगी दिसत नसे. लोक दुकानाच्या पायऱ्या उतरून बघत. मला त्याचा अभिमान वाटायला हवा होता, पण कळमनुरीच्या पहिल्याच फेरीला काटा तसाच थरथरला, टक टक तसंच ऐकू आलं, आणि घरी आल्यावर मैल सतरा भरले. मी मनाला सांगितलं की काकांनी सैल केलेला नट अजून सैलच असेल. वाकून तो पुन्हा आवळला आणि पुन्हा लाल रेघ ओढली. या वेळी कुणाला पकडायचं नव्हतं. ती रेघ शाबूत राहिलेली मला बघायची होती. गाडीची किल्ली अण्णांच्या उशीखाली असायची, फाटकाला कुलूप असायचं, गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. दोन दिवसांनी कळमनुरीहून आल्यावर मी बघितलं. रेघ तुटली होती, बरोबर तशीच, तेवढ्याच अंतरानं.

मी हे कुणाला सांगितलं नाही. चार दिवस मला जेवण गेलं नाही. आई धपाटे करायची, त्यावर लोण्याचा गोळा घालायची, आणि मी तो ताटातल्या ताटात फिरवत बसायचे. अण्णांना मात्र मैल दिसतच होते. धनसिंग गेला तरी मैल कमी भरतात, याचा त्यांनी लावलेला अर्थ माझ्या अर्थाहून वेगळा होता. "त्यानं दुसरी किल्ली करून घेतलीय," ते म्हणाले. फाटकाचं कुलूप बदललं. आठवडाभरानं तेही पुरेना, तेव्हा जेवताना त्यांनी आईला विचारलं, "मी आंघोळीला गेलो की किल्ली उशीखालीच असते ना?" आईनं वाढता वाढता हात थांबवला. "काय विचारून राहिलात?" "साधं विचारलं." "साधं न्हाई विचारलं," आई म्हणाली. एवढं मोठं वाक्य ती त्यांच्यापुढं क्वचित बोलायची. "आधी धनसिंग झाला. आता मी. उद्या ही पोरगी. मग घरात कोण राहील, तुम्ही आणि तुमचा काटा." ती उठली आणि मागच्या अंगणात जाऊन भांडी घासायला लागली. त्या घासण्याचा आवाज मी पुढं कित्येक वर्षं विसरले नाही. भांड्यांवर राग काढत नव्हती ती, एकेक भांडं नीट घासत होती, फार वेळ.

दुसऱ्याच दिवशी कळमनुरीची तारीख होती. अण्णा कोर्टात शिरले आणि मी गाडी कोर्टामागच्या गल्लीत मुनीरचाचांच्या दुकानासमोर नेली. मुनीरचाचा घड्याळं दुरुस्त करत. आमच्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ त्यांच्याच हातून दोनदा वाचलं होतं. डोळ्यावरची भिंगाची नळी कपाळावर सरकवून ते बाहेर आले. मी त्यांना काटा, टक टक आणि मैल सगळं सांगितलं. रेघेचं सांगितलं नाही. "मोटारीचं मला कळत न्हाई, बेटा," ते म्हणाले. "पण मीटर म्हणजे घड्याळच. फक्त त्याला चावी रस्ता देतो." त्यांनी नट उघडला, बांबूची एक काडी चौकोनी तासली, मीटरच्या पाठीतल्या भोकात घातली आणि दोन बोटांत फिरवली. हळू फिरवली तर काटा हळू चढला, जोरात फिरवली तर सरळ चाळीसवर गेला. जरासुद्धा थरथरला नाही. "हा बेकसूर आहे," मुनीरचाचा म्हणाले.

मग त्यांनी नळीतून आतली तार ओढून काढली. काळ्या पडलेल्या वंगणानं माखलेली, हातभर, मग दोन हात. दुकानातल्या पांढऱ्या फडक्यावर ती आडवी ठेवून त्यांनी तिला तळहातांखाली लाटलं, आपण वाती वळतो तशी. तार गुळगुळीत फिरत होती, आणि एका जागी दर फेऱ्याला टुणकन उडत होती. "इथं मार खाल्लाय हिनं." त्या जागेवर तार घासून चकचकीत झाली होती. वरच्या टोकापासून ती जागा त्यांनी वितीनं मोजली, दोन विती, आणि गाडीत वाकून बाहेरच्या नळीवर तेवढ्याच दोन विती मोजत बोटं नेली. बोटं लोखंडी पेटीच्या मागं गेली आणि थांबली. "ही पेटी कुणी बसवली?"

चार स्क्रू काढून आम्ही पेटी खाली उतरवली. तिच्या मागं तारेची नळी चेपून चपटी झाली होती, पाय पडलेल्या उसाच्या कांडीसारखी. पेटीला जागा व्हावी म्हणून ती ओढून, वाकवून मागं दाबलेली होती. "तार इथं अडकते, मग झटक्यानं सुटते. म्हणून काटा उड्या मारतो," मुनीरचाचा म्हणाले. "आणि वरून नळी ताणलेली. रस्त्याचा एक खड्डा बसला की नट थोडा फिरतो. मग तार आपल्या जागेतून घसरते आणि मैल बुडतात. कुणी हात लावायची गरजच न्हाई." मी विचारलं, "मग पक्कडीचे ओरखडे?" विचारता विचारताच मला ओसरी दिसली, मांडीवरची गवार दिसली, आणि पेटी बसवताना पक्कडीनं तो नट उघडणारा वेल्डिंगवाला दिसला. अण्णा त्याच्या शेजारी टॉर्च धरून उभे होते. मीसुद्धा बघत होते. धनसिंगकाका सांगत होते की मागं जागा नाही. मी दुकानाच्या पायरीवर बसले. मुनीरचाचांनी नळी जमेल तेवढी गोल केली, आत नवं वंगण घातलं, मोठा वळसा देऊन ती पुन्हा बसवली. "बेटा, तब्येत बरी आहे ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले.

अण्णा कोर्टातून आले आणि त्यांना पेटी मागच्या सीटवर दिसली. "पेटीला कुणी हात लावला?" "मी," मी म्हणाले. "बसा. गाडीत सांगते." गाडी गावाबाहेर पडली तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी उलट तपासणी केली, दुसरं त्यांना येत नव्हतं. नट तू आवळलास का, नीट आवळलास हे कशावरून, दुसरी रेघ कधी ओढली, त्यानंतर किल्ली कुणाकडं होती. मी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. "म्हणजे धनसिंग गेल्यावरही रेघ तुटली?" "तुटली." "आणि तू मला इतके दिवस सांगितलं न्हाई." "न्हाई." "काहून?" "भीती वाटली." कुणाची, असं त्यांनी विचारलं नाही. काटा तीसवर आला आणि तिथंच राहिला. उन्हाळ्यात निजलेल्या माणसाचं पोट हलतं तेवढाच हलत होता. अण्णा त्याच्याकडे बघत होते. मग पहिल्यांदाच त्यांनी नजर उचलून बाहेरच्या कपाशीकडे वळवली. हिंगोलीची घरं दिसू लागली तेव्हा म्हणाले, "घराकडं वळू नको. पुसेगावला चल."

पुसेगावच्या फाट्यावर ऊन कलायला लागलं होतं. गोरेगाव, सेनगावकडे जाणाऱ्या जीप तिथं उभ्या असत. बाजाराची माणसं, पिशव्या, एक शेळी, असं सगळं भरलेल्या एका जीपच्या स्टिअरिंगवर आम्हाला धनसिंगकाका दिसले. हिरवीचा आवाज त्यांनी लांबूनच ओळखला असणार, कारण आम्ही थांबायच्या आत ते खाली उतरले होते. अण्णा गाडीतून उतरले. काळ्या कोटातला तो उंच माणूस त्या धुळीत असा उभा राहिला की हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. "धनसिंग," ते म्हणाले, "तार पेटीमागं दबली होती." "व्हय का," काका म्हणाले. ते हिरवीपाशी आले, दार उघडून वाकले, आणि फळीखाली हात घालून डोळे मिटून चाचपलं. "कोणी केलं?" मी सांगितलं. "बराबर केलंय. वळसा मोठा दिलाय." चेहऱ्यावर राग नव्हता. गाडीला काय झालं होतं ते कळल्याचं सुख होतं फक्त, आणि ते बघणं रागापेक्षा अवघड होतं.

"उद्यापासून ये," अण्णा म्हणाले. चुकलं हा शब्द मात्र ते म्हणाले नाहीत. धनसिंगकाकांनी वाट पाहिली. खरंच पाहिली, मला वाटतं, दोन-तीन श्वासांएवढी. मग म्हणाले, "न्हाई, साहेब. मला जीप बरी हाय. तिचा काटा कवाच तुटलाय. कोणी बघत न्हाई." जीपमधली माणसं निघायची घाई करत होती. ते वळले, आणि मी मध्ये आले. "काका, ती लाल रेघ मी ओढली होती," मी म्हणाले. "ठाव हाय, ताई." "कसं?" "नदीवर गाडी पुसताना दिसली. नखाचा रंग व्हता. वकीलसाहेब काही नखं रंगवत न्हाईत." ते थोडं हसले. "तवा साबूत व्हती. घरी आणून लावली, सहज वाकून बघितलं, तर तुटलेली. तवाच मनात म्हणलं, आता आपलं काही खरं न्हाई." "मग त्या सकाळी सांगितलं का नाही?" त्यांनी अण्णांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काय सांगायचं? तुमच्या बापासमोर तुमचं नाव घ्यायचं?" जीपमधून कुणीतरी हाक मारली. ते जाऊन बसले, आणि जीप गोरेगावच्या रस्त्याला लागली.

घरी आलो तेव्हा आईनं दिवा लावला होता. पाटावर ताटं मांडली होती, आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी. आम्ही कुठं गेलो होतो हे तिनं विचारलं नाही. अण्णा हातपाय धुऊन बसले. बराच वेळ त्यांनी ताटाला हात लावला नाही. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "धनसिंगकडं गेलो होतो. येत न्हाई म्हणाला."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली, फुगू दिली, आणि त्यांच्या ताटात वाढली.

"बरं केलं त्यानं," ती म्हणाली.

अण्णांनी मान खाली घालून भाकरी मोडली आणि जेवायला लागले.